आकाशासाठी अर्ज

कोल्हापूरच्या श्रोत्यांना पाण्याची पाळी म्हणजे काय ते सांगायला नको. नदी दुथडी भरून वाहत असली तरी पाट एकच असतो. म्हणून पाणी अर्ज भरायचा, नंबर लागायची वाट बघायची आणि पाळी रात्री दोनला आली तर दोनला उठून शेतात जायचं. मोठ्या दुर्बिणीचं नेमकं असंच आहे. आकाश सगळ्यांचं, पण ते बघण्याचे तास मोजके. ते कुणाला द्यायचे आणि कशाच्या आधारावर? आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, यंत्रावर बोलण्याचा अधिकार आमचा नाही. पण ‘कुणाला आणि का’ हा प्रश्न आमच्या घरचा आहे. म्हणून आज त्याचा थोडा इतिहास पाहू.

रेडिओ खगोलशास्त्राच्या सुरुवातीला असा प्रश्नच नव्हता. आकाशगंगेकडून रेडिओ लहरी येतात, हे कार्ल जान्स्की यांनी १९३३ मध्ये जाहीर केलं. १९३७ मध्ये ग्रोट रेबर या अमेरिकन तरुणाने घराच्या आवारात स्वतःच्या पैशाने नऊ मीटरहून मोठी तबकडी उभी केली. तबकडी त्याची, अंगण त्याचं, परवानगी कुणाची मागायची? पुढे दुर्बिणी अवाढव्य झाल्या, खर्च एका माणसाच्या आवाक्याबाहेर गेला आणि अर्ज आला. अर्ज आला म्हणजे दार आलं, आणि दार आलं की ते कुणासाठी उघडतं हा प्रश्न आलाच.

हा प्रश्न किती खरा होता, ते पाहा. अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेत १९६५ पर्यंत स्त्रियांना अधिकृतपणे निरीक्षणाची वेळ मिळत नसे. त्या वर्षी व्हेरा रुबिन यांना ती पहिल्यांदा मिळाली. कारण दिलं जाई ते सोयींच्या अभावाचं! आपल्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या, तेव्हा त्यांनी हेच ओळखलं होतं. दार नुसतं उघडं आहे म्हणून भागत नाही. आतवर कोण पोचतो, तेही मोजावं लागतं.

भारतातल्या रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवातही एका अर्जानेच झाली. १९६१ मध्ये परदेशात काम करणाऱ्या गोविंद स्वरूप, मेनन, कुंडू आणि कृष्णन या चौघांनी मिळून इथल्या संस्थांना प्रस्ताव पाठवला, आम्ही परत येतो, आम्हाला काम करू द्या. होमी भाभांनी १९६२ च्या जानेवारीत होकार कळवला. ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या ३२ लहान तबकड्या कल्याणजवळ उभ्या राहिल्या, १९७० मध्ये ऊटीची दुर्बीण झाली आणि मग आपल्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आणि सुमारे २५ किलोमीटरचा पसारा. २००२ पासून ती जगभरच्या संशोधकांना खुली आहे. वर्षातून दोनदा अर्ज मागवले जातात. मागणी उपलब्ध तासांपेक्षा कितीतरी जास्त असते.

अर्जात काय लिहायचं? कोणता स्रोत, आकाशात कुठे, कोणत्या वारंवारतेवर, किती तास, आणि मुख्य म्हणजे कशासाठी. न्यायशास्त्र शिकलेल्याला हे ओळखीचं वाटेल. प्रतिज्ञा मांडा, हेतू द्या, उदाहरण द्या आणि पूर्वपक्षाला उत्तर द्या. ‘तुम्ही म्हणता ते दिसलंच नाही तर?’ याचं उत्तर ज्याच्याकडे असतं, त्याचा अर्ज उभा राहतो. न दिसण्यालाही अर्थ असेल असा प्रश्न विचारणं, हीच खरी कसोटी.

आंतरराष्ट्रीय जाळ्यात तर हे आणखी चढतं. युरोपीय व्हीएलबीआय जाळ्यात वेगवेगळ्या देशांतल्या दुर्बिणी एकाच वेळी एकाच स्रोताकडे वळतात. प्रत्येक ठिकाणी अणुघड्याळ वेळ नोंदवतं आणि नंतर सगळ्या नोंदी एकत्र जुळवल्या जातात. म्हणजे एक अर्ज मान्य झाला, की अनेक देशांनी आपापला वेळ एका माणसाच्या शंकेसाठी दिला! अर्जदार कोणत्या देशाचा, कोणत्या संस्थेचा, याची तिथे अट नाही.

तरीही नावाचं वजन पडतंच. आप्तवाक्य प्रमाण मानायची सवय परीक्षकालाही असते. म्हणून हबल दुर्बिणीसाठी २०१८ मध्ये अर्जदारांची नावं परीक्षकांपासून झाकली गेली. त्याआधी वर्षानुवर्षं स्त्रियांच्या नेतृत्वाखालच्या अर्जांना पुरुषांच्या तुलनेत कमी यश मिळत असे. त्या फेरीत ते किंचित पुढे गेलं. एका फेरीवरून सिद्धांत मांडू नये, पण विचार करायला ती पुरेशी आहे.

आता आपल्या गावाचं. जयंत नारळीकरांचा जन्म १९३८ मध्ये इथलाच, कोल्हापूरचा. त्यांनी पुण्यात आयुका उभी केली तीच मुळी विद्यापीठांतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांना मोठ्या संशोधनाची वाट मिळावी म्हणून. आज जीएमआरटीवर एखाद्याला वेळ मिळाला, तरी ठरावीक मुदतीनंतर त्याच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या होतात. म्हणजे इथल्या कॉलेजातली मुलगी दुसऱ्याने मागितलेल्या पाण्यावरही स्वतःचं पीक काढू शकते. पुढे स्वतःचा अर्जही करू शकते.

अडचण आता नियमांत फारशी उरलेली नाही. ती आपल्या घरात आणि आमच्यासारख्यांच्या वर्गात आहे. ‘हे आपल्यासाठी नाही’ असं मुलांना कुणी तोंडाने सांगत नाही, पण ‘हे तुझ्यासाठीही आहे’ असंही कुणी सांगत नाही. पाणी अर्ज भरलाच नाही तर पाटकरी कुणाला पाळी देणार? अर्ज नामंजूर झाला तर परीक्षकांचे शेरे हाती येतात, पुढच्या हंगामात सुधारून पुन्हा भरता येतो. न भरलेल्या अर्जाला मात्र शेरासुद्धा मिळत नाही.