मस्तिष्कावरणशोथ : एमआरआय निदान

मेंदू व मेरुरज्जू यांवरील आवरणांचा दाह आणि त्याचे उपद्रव चुंबकीय अनुस्पंदनाने मिळवलेल्या प्रतिमांवरून ओळखण्याची पद्धती. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये या तंत्राच्या पहिल्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या (→ चुंबकीय अनुस्पंदन). शिरेतून गॅडोलिनियमयुक्त द्रव्य दिल्यावर दाहग्रस्त आवरणे उजळ दिसतात. क्षयजन्य प्रकारात (→ क्षयरोग) मेंदूच्या तळाची आवरणे उजळणे, जलशीर्ष (मेंदूतील पोकळ्यांत द्रव साचणे), क्षयगाठी व रक्तपुरवठा खंडित झालेले भाग आढळतात. जलशीर्ष वेळीच दिसल्यास शस्त्रक्रियेचा निर्णय घेता येतो. प्रतिमा निर्दोष असली तरी रोग नाकारता येत नाही. निदानाचा मुख्य आधार मस्तिष्कमेरुद्रवाची तपासणी हाच असतो (→ कटिवेधन).