कातरलेला काठ

पहिल्या एलिझाबेथ राणीचं सहा पेन्सचं चांदीचं नाणं तळहातावर घेतलं की आधी नजरेत भरतो तो त्याचा बेढबपणा. रुंदी जेमतेम २६ मिलिमीटर, वजन तीन ग्रॅमच्या आसपास, आणि गोलाई घाईत लाटलेल्या पापडाची. राणीच्या डोक्यामागे गुलाब, उलट्या बाजूला ढालीवर साल. १५६१ मध्ये आलेला हा गुलाब शोभेचा नव्हे. शेजारच्या किमतीच्या नाण्यांवर तो नसे, त्यामुळे अक्षरशत्रूचीही गल्लत होत नसे. भोवतीच्या लॅटिन मजकुरात बाई फ्रान्सच्याही राणी आहेत. फ्रान्समधलं शेवटचं इंग्रजी ठाणं कॅले १५५८ मध्येच हातचं गेलं होतं, पण ठशाला ते कोण सांगणार?

लंडन टॉवरच्या टांकसाळीत खालचा ठसा ठोकळ्यात रोवलेला, वरचा कारागिराच्या हातात. मध्ये चांदीची चकती, वरून हातोड्याचा घाव. घाव तिरका बसला की राणीचं नाक फिरलंच. काठ मात्र सगळ्याच नाण्यांचा मोकळा, आणि तिथेच कात्री लागली. कडेची किसभर चांदी कापून घ्यायची, नाणं पुऱ्या किमतीला खपवायचं, कातरण मुशीत टाकायचं. गुन्हा राजद्रोहाचा, शिक्षा मृत्यूची, तरी कात्री थांबेना. आपल्याकडचा सराफ झिजल्या रुपयाला बट्टा लावायचा. तिथल्या बाजारात नाणी सहसा मोजून घेत, तोलून नव्हे.

खरं तर उपाय दारातच होता. एलॉय मेस्त्रेल हा फ्रेंच कारागीर १५६१ पासून टॉवरमध्येच यंत्रावर गोल, नितळ नाणी पाडत होता. हातोडेवाल्यांना ते खुपलं. काम संथ म्हणून १५७२ मध्ये त्याला काढलं, आणि १५७८ मध्ये खोट्या नाण्यांपायी तो फासावर गेला.

हातोडा खाली ठेवला गेला तो १६६२ मध्ये. यंत्राच्या मोठ्या नाण्यांच्या काठावर अक्षरं आली, लहानांवर रेघा. कातरलं की लगेच दिसावं. पण जुनी नाणीही चालूच राहिली. लोक नवी पेटीत ठेवत किंवा वितळवत, आणि कातरलेली पुढे सरकवत. १६९५ पर्यंत त्यांचं वजन जवळपास निम्म्यावर आलं. पुढच्या वर्षी ती परत घेऊन वितळवायला सुरुवात झाली. त्याच वर्षी आयझॅक न्यूटन टांकसाळीत अधिकारी म्हणून आला.

कातरलेल्या चांदीची ही तूट भरायला सरकारने घरांच्या खिडक्यांवर कर बसवला. तो १८५१ पर्यंत टिकला. कर चुकवायला कित्येकांनी खिडक्याच विटांनी बुजवल्या. जुन्या इंग्लिश घरांच्या भिंतींत त्यातले काही चौकोन अजून दिसतात.