नालंदा सोडताना : विनयातील 'अंतराय' आणि एका गुरूचे स्थलांतर

नालंदा महाविहाराच्या अंताविषयी आपल्याकडे बहुधा एकच चित्र रंगविले जाते. ग्रंथालयाला आग लागली आहे, भूर्जपत्रे आणि ताडपत्रे महिनोन्महिने जळत आहेत आणि त्या ज्वालांत एका युगाचा शेवट होत आहे. व्याख्यानांतून हे चित्र इतक्या वेळा सांगितले गेले आहे की, त्या परिसरात माणसेही होती, आणि संकट दाराशी आले तेव्हा त्यांनी नेमके काय केले, हा साधा प्रश्न विचारण्याचे भान उरत नाही. आजच्या विद्यापीठांत संकटसमयी परिसर रिकामा करण्याच्या तालमी होतात. घंटा कोणी वाजवावी, वृद्धांना व अपंगांना कोणी बाहेर न्यावे, बाहेर पडून कोठे जमावे, हे आधी ठरविलेले असते. ज्या संस्थेला आपण प्राचीन भारतातील श्रेष्ठ विद्यापीठ म्हणतो, तिच्या बाबतीत हेच प्रश्न विचारले, तर उत्तरे मिळतात काय? काही निश्चितच मिळतात. त्यांतील एक तर प्रत्यक्ष बाहेर पडलेल्या माणसाच्या कथनातून आलेले आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मिन्हाज-उस्-सिराज याने १२६० च्या सुमारास पूर्ण केलेल्या 'तबकात-इ-नासिरी' या ग्रंथात मुहम्मद बख्तियार याने दोनशे घोडेस्वारांनिशी 'बिहारचा किल्ला' घेतल्याची हकीकत आहे. आतील मुंडन केलेले सर्व लोक मारले गेले. तेथे पुष्कळ ग्रंथ सापडले, पण त्यांचा अर्थ सांगण्यास कोणी उरले नव्हते, आणि तो किल्ला म्हणजे एक विद्यालय होते, हे मागाहून कळले. हे स्थळ म्हणजे ओदंतपुरी, आजचे बिहार शरीफ, असे बहुतेक अभ्यासक मानतात. या हकीकतीत नालंदेचे नाव नाही. ओदंतपुरीत परिसर रिकामा करण्यास वेळच मिळाला नाही, आणि तिचा अर्थ सांगणारा कोणी उरला नाही. नालंदा तेथून अवघ्या दहा-बारा किलोमीटरांवर. तेथे वेळ मिळाला.

हा फरक साधा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील बौद्ध धम्माच्या ऱ्हासाची मीमांसा करताना विहारांच्या विध्वंसापेक्षाही भिक्खूसंघाच्या नाशावर भर दिला आहे. विटा पुन्हा रचता येतात. पण दीक्षा देणारा, शिकविणारा भिक्खू मारला गेला किंवा देशाबाहेर गेला, तर त्याची जागा घेण्यास कोणी राहत नाही. हे म्हणणे मान्य केले, तर कोण वाचले, कसे वाचले आणि वाचल्यावर कोठे गेले, हा इतिहासाचा मुख्य प्रश्न ठरतो. दुर्दैवाने आपण आगीचे वर्णन करण्यातच रमतो.

संकटकाळी वास्तव्य सोडण्याचा विचार संघाला नवा नव्हता. पालि विनयपिटकात तो आरंभापासून आहे. महावग्गाच्या उपोसथ-प्रकरणात दहा 'अंतराय' मोजले आहेत : राजा, चोर, अग्नी, पाणी, मनुष्य, अमनुष्य, हिंस्र पशू, सरपटणारे प्राणी, जीविताचा धोका आणि ब्रह्मचर्याचा धोका. यांपैकी एखादा उपस्थित झाल्यास पातिमोक्खाचे पठण संक्षेपाने करावे, अशी अनुज्ञा आहे. कोसल देशातील एका आवासात उपोसथाच्या दिवशीच शबरांचे भय निर्माण झाले आणि भिक्खूंना पूर्ण पठण करता आले नाही, हा तिचा प्रसंग. परंतु अंतराय नसताना संक्षेप करणे दोषास्पद मानले आहे. म्हणजे सवलत आहे, पण भयाचे निमित्त करून शिस्त सोडण्याची मुभा नाही.

वर्षावासाच्या प्रकरणातील नियम अधिक महत्त्वाचे आहेत. वर्षावासात स्थान सोडणे हा भंग होय. तथापि हिंस्र पशू, सर्प किंवा चोर यांचा उपद्रव झाला, शयनासन अग्नीने जळाले किंवा पाण्याने वाहून गेले, तर भिक्खूंनी निघून जावे, वर्षावास मोडल्याची आपत्ती नाही, असे तथागतांनी सांगितले आहे. याहून सूक्ष्म तरतूद पुढे येते. ज्या गावाच्या आधाराने भिक्खू राहतात, ते गावच चोरांच्या भयाने उठून गेले तर काय करावे? गाव जेथे गेले तेथे जावे. गाव दुभंगले तर ज्या बाजूला अधिक लोक आहेत तेथे जावे. आणि ते अधिक लोक अश्रद्ध असतील, तर श्रद्धावान लोक आहेत तेथे जावे. संघाचा मुक्काम उपासकांशी किती घट्ट बांधलेला होता, हे या तीन वाक्यांत जितके उघड होते, तितके अन्यत्र क्वचितच होत असेल. या तरतुदीकडे आपणास पुन्हा यावे लागेल.

चुल्लवग्गात एका भिक्खूची कथा आहे. श्रावस्तीकडे जाताना वाटेत त्याला हत्ती आडवा आला. भिक्खू झाडापाशी धावला, पण झाडावर चढणे अनुचित म्हणून खालीच उभा राहिला. हत्ती दुसरीकडे निघून गेला हे त्याचे नशीब! यावर जो नियम झाला तो असा : काम पडल्यास पुरुषभर उंच चढावे, आपत्तीत हवे तितके उंच चढावे. वणवा विहारापर्यंत येत असेल, तर समोरून प्रत्यग्नी लावून वास्तूचे रक्षण करण्यासही तेथे अनुमती आहे. नियमाच्या धाकाने माणसे जागच्या जागी मरू नयेत, एवढी काळजी शास्त्याने घेतली होती. नालंदेत मुख्यतः मूलसर्वास्तिवादी विनय प्रचलित होता आणि इत्सिंगाने त्याचेच चिनी भाषांतर केले, हे येथे नमूद केले पाहिजे. पालि नियम नालंदेत शब्दशः वाचले जात होते, असे म्हणावयाचे नाही. ही विचारपद्धती संघाच्या जुन्या परंपरेतील आहे, एवढेच दाखवावयाचे आहे.

आता परिसराकडे वळू. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात नालंदेत राहिलेल्या इत्सिंगाने तेथे आठ दालने, तीनशे खोल्या आणि तीन हजारांहून अधिक भिक्खू असल्याचे लिहिले आहे. इतक्या लोकांना एका जागी जमविणे कठीण पडे, म्हणून सायंवंदनेसाठी पठण करणारा भिक्खूच एका दालनातून दुसऱ्या दालनात जात असे. उत्खननात उघड झालेल्या विहारांची रचनाही लक्षात घेण्यासारखी आहे. मध्ये चौक, भोवती ओसरी, ओसरीकडे दारे असलेल्या कोठड्या, जाड भिंती आणि आत-बाहेर करण्यास एकच प्रवेशद्वार. थंडीवाऱ्यापासून आणि चोरांपासून संरक्षण देण्यास ही योजना उत्तम. आगीत मात्र हेच एक दार गळ्याशी येणारे. आग लागतही असे. महीपालाच्या अकराव्या राज्यवर्षातील एका शिलालेखात अग्निदाहानंतर केलेल्या जीर्णोद्धाराचा उल्लेख आहे, आणि तेथील संग्रहालयात जळून काळा झालेला तांदूळ आजही पाहावयास मिळतो. महीपालाचा काळ बख्तियारच्या सुमारे दोनशे वर्षे आधीचा, तेव्हा नालंदेतील राखेचा प्रत्येक थर एकाच आक्रमणाच्या खात्यावर मांडणे बरोबर नाही.

इत्सिंगाच्या वृत्तांतातील आणखी एक तपशील मला फार बोलका वाटतो. नालंदेजवळ दहाहून अधिक मोठी तळी होती. रोज सकाळी स्नानाच्या वेळी घंटा वाजविली जाई, आणि कधी शंभर, कधी हजारसुद्धा भिक्खू एकाच वेळी विहाराबाहेर पडून चहूंकडच्या तळ्यांकडे जात. हा स्नानाचा विधी होता, संकटाची तालीम नव्हती. तरीही घंटेच्या नादासरशी एकाच दारातून शेकडो माणसांनी गोंधळ न करता बाहेर पडावे, हा सराव त्या परिसराला रोजचाच होता. संकटाच्या दिवशी त्याचा उपयोग झाला असेल काय? पुरावा नाही, म्हणून प्रश्न येथेच सोडतो.

ज्याचा पुरावा आहे, तो प्रसंग १२३५ च्या सुमाराचा. तिबेटी भिक्खू धर्मस्वामी (११९७–१२६४), ज्यांना तिबेटात छाग लोत्सावा म्हणतात, १२३४ ते १२३६ या काळात मगधात होते. त्यांच्या मुखातून ऐकून एका उपासकाने लिहिलेले त्यांचे चरित्र जॉर्ज रोरिक यांनी इंग्रजीत आणले आणि पाटण्याच्या काशीप्रसाद जयस्वाल संशोधन संस्थेने ते १९५९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यास प्रस्तावना आहे ती मूळचे कोल्हापूरकडील डॉ. अनंत सदाशिव अळतेकर यांची. प्राचीन भारतीय शिक्षणपद्धतीवर ग्रंथ लिहिणाऱ्या या मराठी पंडिताच्या हातून हे कथन प्रकाशात यावे, हा योग उचितच होय.

धर्मस्वामी बोधगयेस पोहोचले तेव्हा तुरुष्क सैनिकांच्या भयाने सर्वजण पळून गेले होते. चारच भिक्खू उरले होते. त्यांनी महाबोधी मूर्तीसमोरील दार विटांनी चिणून वरून गिलावा केला, जवळ दुसरी मूर्ती ठेवली, बाहेरचे दारही लिंपले आणि त्यावर महेश्वराचे चित्र काढले. त्यानंतर तेही गाडीच्या चाकोरीचा माग धरून उत्तरेकडे निघाले. सतरा दिवसांनी एका स्त्रीने सैन्य दूर गेल्याची वार्ता आणली, तेव्हा मंडळी परतली. किती व्यवस्थित रीत ही! जे हलविता येत नाही ते झाकावे, जी माणसे हलू शकतात त्यांनी जावे, आणि धोका टळल्याची खबर येईल तेव्हा परतावे.

नालंदेत परिस्थिती कठीण होती. ऐंशी लहान विहारांपैकी बहुतेक मोडकळीस आलेले. उरलेल्या वास्तूत नव्वदी ओलांडलेले राहुलश्रीभद्र सुमारे सत्तर विद्यार्थ्यांना शिकवीत होते. मगधाचा राजा बुद्धसेन आणि ओदंतपुरीचा उपासक जयदेव यांच्या दानावर हे सर्व चालले होते. ओदंतपुरी आता लष्करी ठाणे झाली होती. तेथल्या अधिकाऱ्याने जयदेवाला कैद केले. गुरूला आणि शिष्यांना ठार मारण्याचा बेत आहे, पळून जावे, असा निरोप जयदेवाने बंदिवासातून पाठविला. नालंदेची इशाऱ्याची घंटा म्हणावी, तर ती ही होती.

विद्यार्थी निघून गेले. गुरूंनी जाण्यास नकार दिला. वय झाले आहे, भय उरलेले नाही, तिबेटी शिष्याने मात्र आपल्या देशी जावे, असे त्यांचे म्हणणे. धर्मस्वामी गुरूंना सोडून जाण्यास तयार झाले नाहीत. या आग्रहाने वृद्ध गुरू द्रवले आणि पाठीवर घेणार असशील तर येतो, म्हणाले. थोडी साखर, थोडे तांदूळ आणि काही ग्रंथ बरोबर घेऊन, गुरूंना पाठीवर घेऊन धर्मस्वामी नैर्ऋत्येस असलेल्या ज्ञाननाथाच्या मंदिरात जाऊन लपले. ती जागा विचार करून निवडलेली होती. तेथील मूर्तीची विटंबना करणारा सैनिक त्याच दिवशी मेल्याची वदंता होती, आणि म्हणून सैनिक त्या स्थानाला हात लावीत नसत. थोड्याच वेळात तीनशे शस्त्रसज्ज सैनिक नालंदेत आले. त्यांनी शोध घेतला, कोणी सापडले नाही, ते परत गेले. जयदेव काही दिवस बेड्यांत राहून सुटला. गुरू आपल्या जागी परतले आणि पाठ पुढे सुरू झाले.

या प्रसंगात गुरुभक्ती आहेच, आणि आपले लेखक तेवढेच सांगून थांबतात. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो जयदेव. नालंदेला तट होते, द्वारपंडित होते, तळी होती, घंटा होती. त्या दिवशी उपयोगी पडला तो पलीकडच्या गावचा एक बेड्या घातलेला गृहस्थ, ज्याला शत्रूच्या ठाण्यात काय शिजत आहे हे कळत होते आणि ज्याने जिवावर उदार होऊन ते कळविले. ओदंतपुरीच्या भिक्खूंना असा निरोप देणारा बहुधा कोणी नव्हता. बोधगयेतही परतण्याची वेळ सांगणारी एक अनाम स्त्रीच होती.

आणि येथेच महावग्गातील त्या तरतुदीचा अर्थ उलगडतो. संघाने कोठे जावे, तर श्रद्धावान गृहस्थ असतील तेथे. तेराव्या शतकाच्या आरंभी मगधातील गावे उठून गेली नव्हती, शेती चालूच होती. परंतु त्या गावांतून नवे जयदेव निर्माण होणे थांबले होते. ज्येष्ठ आचार्य शाक्यश्रीभद्र विक्रमशिलेहून वरेंद्रीतील जगद्दल विहारात गेले आणि तिबेटी आमंत्रण येताच १२०४ मध्ये विभूतिचंद्र, दानशील आदी पंडितांसह तिबेटात पोहोचले. सुमारे दहा वर्षे त्यांनी तेथे शिकविले, विनयाची परंपरा दिली. तेथे त्यांना आसन देणारे, ऐकणारे, अन्न देणारे लोक होते. विनयाच्या दृष्टीने पाहिले तर हे पलायन नव्हे, श्रद्धावान असतील तेथे जाण्याच्या नियमाचेच ते पालन होते. मात्र महावग्गातील भिक्खू आपल्याच गावाच्या मागे जात होते, आणि हे पंडित हिमालय ओलांडून परक्या भाषेच्या प्रदेशात गेले. बोधगयेची मंडळी सतरा दिवसांत परतू शकली, कारण परतीची वार्ता आणणारे कोणी होते. शाक्यश्रीभद्र तिबेटातून निघाले, तेव्हा ते मगधात आले नाहीत. ते आपल्या जन्मभूमीस, काश्मीरला गेले आणि तेथेच १२२५ मध्ये त्यांचे निर्वाण झाले.

राहुलश्रीभद्रांनीही अखेर धर्मस्वामींना परत पाठविले. शिकणे पुरे झाले, आता तिबेटास जा, असा त्यांचा आदेश होता. धर्मस्वामी गंगा ओलांडून उत्तरेकडे गेले. नव्वदी पार केलेले गुरू नालंदेतच राहिले.