बिनतारी संचातली खरखर

अमेरिकेत डेट्रॉइटच्या पोलिसांनी १९२८ साली गस्तीच्या गाडीत रेडिओ बसवला. पण तो एकतर्फी होता. शिपायाला हुकूम ऐकू येई, उत्तर द्यायचे तर गाडी थांबवून टेलिफोन गाठावा लागे. दोन्हीकडून बोलण्याची सोय १९३३ मध्ये न्यू जर्सीतल्या बेयॉन शहरात झाली. ते संच एएम पद्धतीचे असल्याने आकाशातली वीज आणि इंजिनातली ठिणगी, दोन्हींची खरखर त्यांत ऐकू येई. एडविन आर्मस्ट्राँग यांच्या एफएम तंत्राने ती बरीच कमी केली. या तंत्रावर डॅनियल नोबल यांनी १९४० मध्ये कनेक्टिकटच्या राज्य पोलिसांसाठी यंत्रणा उभी केली आणि पुढची अनेक दशके तिचाच वारसा चालला.

मग डिजिटल संच आले ते कशासाठी? आवाज सुधारावा ही मागणी होतीच, पण खरी निकड जागेची होती. संच वाढले, लहरींचा पट्टा मात्र तेवढाच राहिला. अमेरिकेत पी-२५ या डिजिटल मानकाचे काम १९८९ मध्ये सुरू झाले. युरोपात १९९५ मध्ये टेट्रा आणि २००५ मध्ये डीएमआर ही मानके आली. डीएमआरमध्ये साडेबारा किलोहर्ट्‌झच्या एकाच वाहिनीवर ३० मिलिसेकंदांच्या आळीपाळीने दोन संभाषणे चालतात. प्रेषक निम्मा वेळच चालू राहत असल्याने बॅटरीही जास्त टिकते.

‘डिजिटल संच लांब पोचतो’ हा विक्रेत्यांचा दावा अर्धाच खरा आहे. शक्ती आणि वारंवारता तीच असेल, तर डोंगर दोघांनाही सारखाच अडवतो. फरक पडतो तो संदेश विरत जाताना. ॲनालॉगमध्ये खरखर हळूहळू वाढते आणि सरावलेला कान तिच्यातूनही शब्द वेचतो. डिजिटलमध्ये चुका दुरुस्त करणारे अंक आवाज स्वच्छ ठेवतात, तेही ॲनालॉग जिथे खरखरू लागतो त्याच्या बरेच पुढेपर्यंत. त्यानंतर मात्र शब्दांचे तुकडे पडतात आणि लगेच सारे शांत होते. खरखर ही पूर्वसूचनाही होती, हे ती गेल्यावर कळले.

दुसरी अडचण आवाजाच्या संक्षेपाची. पी-२५ च्या मूळ पद्धतीत सेकंदाला ७२०० बिट जातात. त्यांतले ४४०० आवाजाचे, बाकीचे चुका दुरुस्त करण्यासाठी. हा संक्षेप माणसाच्या बोलण्याच्या घडणीवर बेतलेला आहे. करवत किंवा धोक्याचा भोंगा शेजारी वाजू लागला की त्याचा गोंधळ उडतो. अग्निशामकांच्या तक्रारींनंतर २००८ मध्ये अमेरिकी सरकारच्या प्रयोगशाळेत चाचण्या झाल्या. गोंगाटाच्या काही परिस्थितींत जुना ॲनालॉग आवाजच अधिक समजतो, असे त्यांत दिसले. पुढे संक्षेपाच्या पद्धती सुधारल्या. तरीही तिथल्या अनेक अग्निशामक दलांनी प्रत्यक्ष आगीच्या जागी एका संचाकडून थेट दुसऱ्याकडे बोलण्यासाठी ॲनालॉग वाहिनीच ठेवली आहे.