सिसिली टायसन यांनी नाकारलेली कामे

एखाद्या सिनेमात आपला माणूस दिसला की आपल्यात दोन तट पडतात. एक म्हणतो, निदान पडद्यावर तरी आलो. दुसरा म्हणतो, पुन्हा तेच दारिद्र्य, तीच झोपडी. आम्हाला सुटाबुटात का दाखवत नाहीत? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी हा वाद आपल्या कितीतरी आधी घातला. सिसिली टायसन या अभिनेत्रीने तो आपल्या कामांच्या निवडीतून पुढे नेला, म्हणून त्यांच्याविषयी लिहीत आहोत.

टायसन यांचा जन्म १९२४ चा, न्यू यॉर्कमधला. आईवडील कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावरून आलेले. टायपिस्टची नोकरी, मग मॉडेलिंग, मग अभिनय. आई इतकी धार्मिक की नाटक-सिनेमा म्हणजे पाप; तिने मुलीला घराबाहेर काढले.

त्या आधीचा काळ आठवा. हॅटी मॅकडॅनियल यांना 'गॉन विथ द विंड'मधल्या दासीच्या भूमिकेसाठी १९४० साली ऑस्कर मिळाले, पण त्या रात्री त्यांना सहकलाकारांपासून दूर, कडेच्या टेबलावर बसवले होते. काहीजण मॅकडॅनियल यांना नावे ठेवतात. आम्ही ठेवणार नाही. त्यांच्यापुढे दुसरे काम होतेच कुठे?

१९६१ मध्ये ज्याँ जेने यांचे 'द ब्लॅक्स' हे नाटक न्यू यॉर्कमध्ये आले. माया अँजेलो, जेम्स अर्ल जोन्स यांच्यासोबत टायसनही त्यात होत्या. नाटक हजारावर प्रयोग चालले. मग १९६३ मध्ये 'ईस्ट साइड/वेस्ट साइड' ही मालिका. तिचा नायक न्यू यॉर्कच्या वस्त्यांत काम करणारा समाजसेवक. आम्हीही त्याच क्षेत्रातले असल्याने हा तपशील वाचून थबकलो. टायसन त्यात कार्यालयातल्या सेक्रेटरी होत्या, आणि केस न सरळ करता, जन्मतः होते तसे आखूड ठेवून पडद्यावर आल्या. त्या काळी नोकरीला जाणारी कृष्णवर्णीय स्त्री तापवलेल्या कंगव्याने केस सरळ करून घेई. त्यामुळे ही केशभूषेची फॅशन नव्हती, विधान होते. दक्षिणेतल्या काही केंद्रांनी मालिका दाखवलीच नाही. एका हंगामात ती बंद पडली.

१९७२ च्या 'साउंडर'मध्ये त्या रिबेका झाल्या: १९३३ च्या लुइझियानात दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या शेतकऱ्याची बायको. नवरा उपाशी लेकरांसाठी मांस चोरतो, तुरुंगात जातो. शेत रिबेका आणि मुले सांभाळतात. दारिद्र्य पुरेपूर आहे, पण माणसे कुठेही लाचार नाहीत. या भूमिकेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले.

या चित्रपटाच्या प्रचारादरम्यान घडलेला प्रसंग टायसन अनेकदा सांगत. एक गोरा पत्रकार म्हणाला, हा चित्रपट पाहीपर्यंत मी वर्णद्वेष्टा आहे हे मला ठाऊकच नव्हते. त्यातला मुलगा बापाला 'डॅडी' म्हणतो, तेच मला खटकले. माझी मुलेही मला तसेच म्हणतात. म्हणजे काळा बाप हाही बापच, एवढीही कल्पना त्या डोक्यात शिरली नव्हती! यापुढे आपले काम हेच आपले व्यासपीठ, असे टायसन यांनी ठरवले.

त्याची किंमत मोजावी लागली. तो काळ गुंड, दलाल, वेश्या दाखवणाऱ्या कृष्णवर्णीय मारधाडपटांचा होता. पैसा तिथे होता. टायसन यांनी तसली कामे घेतली नाहीत आणि कामाविना राहण्याचे दिवस काढले.

१९७४ च्या 'मिस जेन पिटमन' या टीव्हीपटात गुलामगिरीत जन्मलेल्या बाईचे एकशे दहा वर्षांचे आयुष्य त्यांनी उभे केले. शेवटी ती म्हातारी काठी टेकत गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या नळाशी जाते आणि पाणी पिते. चवदार तळ्याचा इतिहास वाचलेल्या माणसाला हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही. या कामाला दोन एमी मिळाले. पुढे 'रूट्स'मध्ये कुंटा किंटेची आई, १९७८ मध्ये कोरेटा किंग आणि हॅरिएट टबमन.

आता अडचणीचा प्रश्न. २०११ च्या 'द हेल्प'मध्ये याच टायसन गोऱ्या घरातल्या वृद्ध मोलकरीण झाल्या. मग तत्त्व कुठे गेले? आम्हाला तसे वाटत नाही. मोलकरीण किंवा गरीब दाखवू नका, असा त्यांचा आग्रह कधीच नव्हता. रिबेका तरी कुठे श्रीमंत होती? प्रश्न त्या बाईला स्वतःचे मन आहे की नाही, एवढाच होता. सुटाबुटाचा हट्ट धरणाऱ्या आपल्या मित्रांनी इथे थोडे थांबावे.

'द ट्रिप टू बाउंटिफुल' हा चित्रपट १९८५ मध्ये पाहून त्या आपल्या एजंटला म्हणाल्या होत्या, मला असे एक काम मिळवून दे, मग मी निवृत्त होते. तोवर ही भूमिका गोऱ्या अभिनेत्रींनीच गाजवलेली. टायसन यांना ती ब्रॉडवेवर २०१३ मध्ये मिळाली; अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी टोनी पुरस्कारही मिळाला. निवृत्त मात्र त्या झाल्या नाहीत. आत्मचरित्र २६ जानेवारी २०२१ ला आले आणि दोनच दिवसांनी, शहाण्णवाव्या वर्षी, त्या गेल्या.