रब्बीची पहिली भाजी

रब्बी हा शब्द आपल्याकडे शेतकऱ्यापासून तलाठ्यापर्यंत सर्वांच्या तोंडी आहे. गहू, हरभरा ही रब्बीची पिके, हे शाळेतले पोरही सांगते. पण हा शब्द मुळात अरबी आहे आणि 'रबीअ' म्हणजे वसंत ऋतू, हे फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही. खरीपही अरबीच, 'खरीफ' म्हणजे शरद. पावसाळा सरल्यावर पेरलेले पीक वसंतात हाती येते म्हणून ते रब्बी. पैगंबरसाहेबांच्या (स.) जन्माचा महिना रबीउलअव्वल, त्याचाही अर्थ 'पहिला वसंत'. मात्र चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असल्याने हा 'पहिला वसंत' कधी ऐन पावसात येतो, कधी कडाक्याच्या थंडीत.

रोजे आणि ईद चंद्रावर चालतात. पेरणी सूर्यावर चालते. या अडचणीतून दख्खनमध्ये शुहूर सन निघाला. 1344 पासून मोजला जाणारा हा सन सूर्य मृग नक्षत्रात आला की बदलतो, म्हणून त्याला मृगसालही म्हणत. पेशवाईतल्या मराठी कागदांवर 'खमस सबैन मया व अलफ' असे अरबी आकडे दिसतात ते याच सनाचे. हीच अडचण त्याआधी चार शतके दूर स्पेनमध्ये, म्हणजे तेव्हाच्या अंदलुसमध्ये, कोर्दोबाच्या विद्वानांपुढेही होती. 961 साली खलिफा दुसरा अल-हकम याच्यासाठी तेथे एक पंचांग तयार झाले. त्याचे कर्ते म्हणून दोन नावे घेतली जातात : आरीब इब्न सअद हा मुसलमान आणि रबीअ इब्न झैद हा ख्रिस्ती बिशप. यनायिर, फिब्रायिर, मार्स असे रोमन सौर महिने घेऊन कोणत्या महिन्यात काय पेरावे, काय पिकते, हे त्यात अरबीत मांडले आहे.

अंदलुसची हवा आपल्यापेक्षा उलटी. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. शरदात पेरलेली पालेभाजी हिवाळ्याच्या ओलीवर वाढते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये घरामागचा वाफा भरभरून देतो. पालक, गाजर, बाकला आणि काटेरी कळीसारखे आर्टिचोक या त्या दिवसांतल्या भाज्या. बाकला म्हणजे वालासारख्या जाड दाण्याच्या शेंगा. हजला गेलेल्यांनी नाश्त्याला 'फूल' चाखले असेल, ते याच दाण्यांचे.

यातली पालकाची कहाणी पाहण्यासारखी आहे. पालक मूळचा इराणकडचा. पूर्वेला तो चीनपर्यंत गेला. 647 साली नेपाळच्या राजाने चिनी दरबाराला पाठवलेल्या भेटीत त्याची नोंद आहे. पश्चिमेला अरबांनी त्याला अंदलुसात नेले. फारसी 'अस्पनाख'चे अरबीत 'इस्फनाख' झाले आणि त्याचेच स्पॅनिशमध्ये 'एस्पिनाका'. तेथल्या कृषिग्रंथांनी त्याला पालेभाज्यांचा सरदार म्हटले. आर्टिचोकचे स्पॅनिश नाव 'अल्काचोफा' हे अरबी 'अल-खर्शूफ', आणि गाजराचे 'सानाओरिया' हेही अरबीतूनच गेलेले.

भाजी नुसती बी आणून होत नाही, त्यामागे जाणते हात लागतात. तोलेदोच्या अमिराच्या बागेत काम करणारा इब्न बस्साल हा असाच एक जाणता. हजच्या निमित्ताने त्याने बराच प्रवास केला होता. 1085 मध्ये तोलेदो ख्रिस्ती राजाच्या हाती गेले, तेव्हा तो सेव्हिलला आला आणि तेथेही त्याने बागच फुलवली. त्याच्या ग्रंथात जुन्या पंडितांचे हवाले नाहीत; जमिनीचे प्रकार, खतांचे गुणदोष, विहीर खणणे, रोप लावणे, सारे स्वतःच्या अनुभवावरून लिहिले आहे. पुढे बाराव्या शतकात सेव्हिलच्याच इब्न अल-अव्वामने 'किताब अल-फिलाहा' लिहिली. तिच्यात 585 वनस्पतींची माहिती आहे. हा लेखक जुन्यांची मते देतो आणि स्वतः करून पाहिलेले वेगळे सांगतो. 1802 मध्ये माद्रिदला हा ग्रंथ स्पॅनिश भाषांतरासह छापला गेला, तो त्यातले ज्ञान तेथल्या शेतीला उपयोगी पडावे म्हणून.

आल्मेरियाच्या इब्न लुयूनने तर 1348 मध्ये शेतीवर पद्यात ग्रंथ रचला. त्यात घराच्या बागेचीही मांडणी सांगितली आहे. घर उंचवट्यावर दक्षिणेकडे तोंड करून असावे, विहीर किंवा हौद उंचावर असावा, पाण्याचा पाट झाडांच्या सावलीतून जावा. आपला 'हौद'ही अरबीच, हे जाता जाता सांगायला हवे. ग्रॅनाडाच्या टेकडीवर आजही अशी घरे आहेत. त्यांना 'कार्मेन' म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ द्राक्षमळा. भिंतीच्या आत वेल, फळझाडे आणि थोडी भाजी, अशी ती परसबाग.

1492 मध्ये ग्रॅनाडा पडले. आधी धर्म पाळण्याचे आश्वासन मिळाले, मग दहा वर्षांच्या आत सक्तीचे धर्मांतर आले. 1567 च्या फर्मानाने अरबी बोलणे, अरबी पुस्तके, पोशाख, हमाम, सगळ्यांवर बंदी आली. पुढच्या वर्षी बंड झाले. ते मोडून ग्रॅनाडाच्या मोरिस्कोंना, म्हणजे बाटवलेल्या मुसलमानांना, घरदार सोडून देशाच्या आतल्या भागात हाकलण्यात आले. अखेर सप्टेंबर 1609 मध्ये वालेन्सियात देशाबाहेर हद्दपारीचा हुकूम पुकारला गेला. 1614 पर्यंत साऱ्या स्पेनमधून सुमारे 3 लाख माणसे गेली.

त्या हुकुमातले एक कलम विसरता येत नाही. दर 100 घरांपैकी 6 घरांना मागे राहण्याची मुभा होती. कशासाठी? घरे, साखरेची घाणी, भाताचे पीक आणि पाटबंधारे नीट राहावेत आणि नव्याने येणाऱ्यांना ते काम शिकवावे म्हणून! ज्यांना परके ठरवून घालवायचे, त्यांच्यावाचून पाणी वळणार नाही ही कबुली राजाने स्वतःच्याच हुकुमात लिहून ठेवली. बहुतेकांनी ही सवलत नाकारली आणि आपल्या माणसांबरोबर जहाजात बसले. मागे गावेच्या गावे ओस पडली.

गेलेल्यांपैकी काही ट्युनिसियात मेजेर्दा नदीच्या खोऱ्यात उतरले. तेस्तूर हे गाव त्यांनीच वसवले आणि तेथे पुन्हा बागा केल्या. इकडे वालेन्सियात पाट राहिले, त्यांचे 'असेकिया' हे नावही राहिले. ते अरबी 'अस-साकिया'च. दर गुरुवारी दुपारी बाराला तेथल्या कॅथेड्रलच्या दारात पाण्याची पंचायत भरते. तंटे तोंडी ऐकायचे आणि तोंडीच निवाडा द्यायचा. परंपरा तिचे मूळ मुस्लिम काळात नेते. हे कॅथेड्रलही जुन्या मशिदीच्या जागी उभे आहे. 2009 मध्ये युनेस्कोने या पंचायतीला मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली.

हा इतिहास वाचताना मला आपला बागवान समाज आठवतो. बागवान म्हणजे बाग राखणारा. सोलापूर, कोल्हापूर, साताऱ्याच्या मंडईत फळे-भाजी विकणारी ही आपलीच माणसे. कोणत्या मातीतली मेथी कोवळी, कोणते फळ किती दिवस टिकेल, हे हाताने चाचपून सांगणारे म्हातारे अजून घरोघरी आहेत. कोकणातल्या आपल्या घरांत परसातली आळी, मुळ्याचे आणि लाल माठाचे बी राखून ठेवणाऱ्या आजीही आहेत. अंदलुसचा माळी देशोधडीला लागला, पण त्याची विद्या कागदावर होती म्हणून 1802 मध्ये ती मागणाऱ्यांना सापडली. आपल्याकडची ही विद्या अजून तोंडीच आहे. येत्या रब्बीत पहिली भाजी खुडताना कुणीतरी वही घेऊन त्या आजीजवळ, त्या म्हाताऱ्याजवळ बसावे. मग ते मराठीत लिहिले जाईल आणि आपल्या नावानिशी राहील.