सखीभाव आणि निवेदकाची जागा

माणदेशाच्या कादंबरीत मैत्रिणी का दिसत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर माणदेशाबाहेर शोधावे लागते. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. तिची निवेदक यमू. दुर्गी तिची बालमैत्रीण. लग्नानंतर यमूला समंजस पती लाभतो, दुर्गीच्या वाट्याला छळ येतो. दुर्गीचे दुःख येथे केवळ तुलनेपुरते नाही. ते एका मैत्रिणीने ऐकलेले व सांगितलेले दुःख आहे, म्हणूनच त्याला साक्षीचे मोल येते.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) निवेदक आहे तरुण शाळामास्तर. अंजी आपल्याला कळते ती त्याच्या नजरेतून. पाणवठ्यावर, जात्यापाशी ती कोणाशी काय बोलत असेल, तेथे मास्तरचा प्रवेश नाही. या मर्यादेशी कादंबरी प्रामाणिक राहते. परंतु समीक्षेने त्या मर्यादेलाच प्रदेशाचे वास्तव मानले, तर चूक होईल. जात्यावरच्या ओवीत ‘गडणी’ आणि ‘शेजी’ यांना घातलेली साद मराठी मुलखाला अपरिचित नाही. सासरी गेल्यावर तुटलेला सहवास ओवीने शब्दांत टिकवला.

हरिभाऊही पुरुषच होते. तेव्हा फरक लेखक स्त्री की पुरुष याचा नसून निवेदकाच्या जागेचा आहे. सखीभावाचा इतिहास लिहिताना कोणता विषय आला, याआधी कोण सांगत होते, हे विचारले पाहिजे.